दुसरी हाक

नदीवरचं धुकं त्या हिवाळ्यात गावात शिरलं आणि बाहेर पडायचं नावच घेईना. समोरून येणारा माणूस आधी चपलांचा आवाज होऊन यायचा, मग काळसर ठिपका होऊन, आणि ओळख पटेपर्यंत बाजूने निघूनही जायचा. धक्क्यावरच्या बाजारात दंगल झाली ती याच दिवसांत. त्यामुळे नंतर कुणालाही विचारलं तरी तो पाहिलेलं सांगतोय की स्वप्न सांगतोय, तेच कळायचं नाही.

झालं होतं ते असं. बाजाराच्या कचेरीने दारावर नोटीस लावली की धक्क्यावरची दुकानं उठवायची आहेत. संध्याकाळी सगळे दुकानदार कचेरीसमोरच्या चौकात जमले. बोलायला उभा राहिला कंदीलवाला. होड्यांना लागणारे कंदील, वाती, काचा यांचं त्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावरच होतं. आवाज इतका खणखणीत की सगळा धक्का त्याला भोंगा म्हणायचा. बायकोसुद्धा शेजारणीला विचारायची, "आमचा भोंगा दिसला का कुठे? ऐकू तर येतोय." तो स्टुलावर चढून बोलत होता आणि मध्येच वीज गेली. धुकं आणि काळोख एकमेकांत मिसळले. त्या काळोखातून भोंग्याचा आवाज आला, "पेटवा!"

आणि मग कचेरी पेटली. पोलिसांवर दगड पडले, दुकानांच्या फळ्या मोडल्या, पळापळीत माणसं तुडवली गेली. कचेरीत एकटा म्हातारा रखवालदार होता. तापलेली कडी उघडून तो बाहेर आला खरा, पण उजव्या तळहाताची कातडी कडीलाच चिकटून राहिली होती. खिडकीतून पेटते कंदील फेकणारी तीन माणसं पकडली गेली. तिघांनीही एकच सांगितलं, "भोंग्याने सांगितलं म्हणून फेकले."

भोंग्यावर दंगलीला चिथावणी दिल्याचा खटला उभा राहिला, आणि तो वकीलबाईंच्या टेबलावर आला.

वकीलबाई सरकारच्या बाजूने खटले चालवायच्या. लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायच्या. खाली दिवसभर कपडे उकळायचे, इस्त्र्या फिरायच्या, आणि वाफ जिन्यावरून वर येऊन त्यांच्या खिडकीच्या काचेवर बसायची. बाहेर धुकं, आत वाफ. त्या हिवाळ्यात त्यांना कधीकधी वाटायचं, आपण एका मोठ्या पांढऱ्या चादरीच्या आतच राहतोय.

ऑफिसातले मोठे वकील म्हणाले, "यात अवघड काय आहे? शब्द आहे, आग आहे. झाला गुन्हा."

"आणि मनात काय होतं ते?" वकीलबाईंनी विचारलं. "तो शब्द बोलला हे शाबीत होईल. त्या शब्दाने माणसं पेटली हेही होईल. पण त्याला तेच हवं होतं, हे कशावरून? वीज गेली होती. कंदीलवाला काळोखात पेटवा म्हणाला तर कंदीलच पेटवा म्हणाला असेल."

"दिवा लावतात हो बाई. आग पेटवतात."

"तुमच्या-माझ्या घरी. धक्क्यावर कंदील पेटवतातच. होडीवाल्यांना विचारा."

मोठ्या वकिलांनी चहाचा कप संपवून खाली ठेवला. मग म्हणाले, "मग शोधा. मनाचा फोटो मिळाला तर मलाही दाखवा."

वकीलबाईंनी साक्षीदारांना एकेक करून बोलावलं. फळवाली म्हणाली, "आवाज रागाचा होता." शिंपीणबाई म्हणाली, "छे, घाबरला होता तो, मुलं हरवल्यावर आई हाक मारते ना, तसा. दिवे लागले तेव्हा कुठे बरं वाटलं." बर्फ विकणारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाई, मला तो आवाज वरून आल्यासारखा वाटला. माझ्या हातात कंदील कुणी दिला ते आठवत नाही. पण होता. छान ऊबदार होता." मग ओशाळला.

रात्री वकीलबाईंना ते स्वप्नात दिसू लागलं. स्वप्नात त्या चौकात उभ्या असायच्या, आणि चौक नदीसारखा हलका हलका डोलायचा. धुक्यात एकेक करून पिवळे दिवे लागायचे. त्यांच्याही हातात एक असायचा. वरून आवाज यायचा आणि त्यांना भीती नाही, राग नाही, नुसतं फार बरं वाटायचं. इतकी माणसं आणि आपण त्यांतलेच. हात आपोआप वर जायचा. जाग आली की खांदा खरंच दुखत असायचा.

सकाळी ताई इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "धाकटे, तोंड बघ आरशात. झोपतेस की खटला चालवतेस रात्रभर?"

"दोन्ही."

"मग त्या भोंग्याकडून रात्रपाळीचा भत्ता घे," भाऊजी चादरीची घडी घालत म्हणाले. ताईचे यजमान. जिभेला हाड नाही, पण मनाने लोण्यासारखे. धक्क्यावरच्या सगळ्या खानावळींचे टेबलक्लॉथ तेच आणायचे आणि तेच पोचवायचे, त्यामुळे भोंग्याला चांगले ओळखायचे. "वाईट माणूस नाही हं तो," ते म्हणाले. "दर वेळी चहा पाजतो. त्या रखवालदाराला तर रोज पाजतो. दोघं कचेरीच्या पायरीवर बसून काय बोलत असतात देव जाणे. एक ओरडतो, दुसऱ्याला कमी ऐकू येतं. जोडी जमलीय."

हे ऐकून वकीलबाई रखवालदाराकडे गेल्या. तो त्याच्या लेकीच्या घरी होता, खिडकीपाशी, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. उजव्या हाताला भलं मोठं पांढरं बँडेज. बाईंना बघून उठायला लागला तर लेकीने दटावून खाली बसवलं.

"काका," वकीलबाई म्हणाल्या, "भोंग्याचा शब्द तुम्ही ऐकलात का?"

"त्याचा? त्याचा शब्द मेलेला माणूसही ऐकेल."

"मग काय केलंत?"

"काय करणार? काळोख झाला होता. तो म्हणाला पेटवा, म्हणून मी कंदील लावायला घेतला."

वकीलबाईंना मनातून हसूच आलं. सरकारचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार, ज्याचा हात जळला तोच, आरोपीच्या बाजूने बोलत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हातारा मात्र आपल्याच नादात, खिडकीबाहेरच्या पांढऱ्याकडे बघत सांगत राहिला.

"काडेपेटी सापडेना. टेबलाचा खण ओढला, त्यात नाही. मग आठवलं, कोटाच्या खिशात. कोट दाराला. चाचपडत गेलो. काड्या दमटलेल्या. पहिली मोडली, दुसरी नुसतीच फुसफुसली. मग एक लागली. काच वर केली, वात पेटवली, काच खाली बसवली. कंदील खिळ्याला टांगला. खोली अशी सोनेरी झाली हो बाई, मी क्षणभर बघतच राहिलो. तर बाहेरून परत आवाज. पेटवा! मी म्हटलं आता काय राहिलंय याचं? म्हणून आतूनच ओरडलो, लावला रे बाबा, लावला!" म्हातारा हसला. "आणि मग खिडकी फुटली."

वकीलबाईंनी पेन उचललं नाही.

"काका, परत म्हणाला? दोनदा?"

"दोनदाच की."

पहिल्यांदा काळोख होता. पण दुसऱ्यांदा? बर्फवाल्याच्या हातात कंदील आला होता. शिंपीणबाई म्हणाली होती, दिवे लागले तेव्हा बरं वाटलं. दिवे लागल्यावर, सगळा चौक उजळल्यावर, ज्याने पुन्हा पेटवा म्हटलं, तो काय पेटवायला सांगत होता?

मनाचा फोटो मिळाला होता. आणि मिळायला नको होता, असं त्यांना घरी जाताना रस्ताभर वाटत राहिलं.

शिंपीणबाईला त्यांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो, दोनदा आला खरा. पण धक्क्यावर आवाज परत येतो बाई. पलीकडे गोदामांची भिंत आहे ना. लहानपणी आम्ही नावं घेऊन ओरडायचो." बाईंच्या लक्षात आलं, आरोपीचे वकील हेच म्हणणार. दुसरी हाक नव्हतीच, प्रतिध्वनी होता.

म्हणून एका संध्याकाळी वकीलबाई ताईला आणि भाऊजींना घेऊन धक्क्यावर गेल्या. जळकी कचेरी धुक्यात एखाद्या मोठ्या जनावरासारखी बसली होती. दुकानं बंद होती. नदी दिसत नव्हती, नुसतं पाणी लाकडाला लागल्याचा आवाज येत होता.

"भाऊजी, ओरडा."

"काय ओरडू?"

"तेच."

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. "मेव्हणीने सांगितलं म्हणून ओरडलो, हे लिहून घ्या कुणीतरी," म्हणाले, आणि छाती भरून ओरडले, "पेटवा!"

भिंतीवरून लगेच मऊसा आवाज परत आला, ...टवा. तेवढंच. मग पाण्याचा आवाज.

ताई शालीत अंग आखडून उभी होती. "केवढ्या लवकर आला गं," ती म्हणाली. "एवढ्यात तर मी काडेपेटीही उघडणार नाही."

तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. वकीलबाईंनी तिचा हात धरला आणि तिघं घरी आली.

कोर्टातली खोली उंच छताची होती, खिडक्या खूप वर. धुक्यातून गाळून आलेला उजेड वरच्या वरच राहायचा आणि खाली सगळी माणसं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसायची. भोंगा आरोपीच्या पिंजऱ्यात गप्प उभा असायचा. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस इतका बारीक असेल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्याची बायको मागच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन बसायची.

रखवालदाराची साक्ष झाली. लेकीच्या घरी सांगितलं होतं तसंच त्याने सगळं सांगितलं, काडेपेटी, कोट, दमट काड्या, सोनेरी झालेली खोली. "मी आतून ओरडलो, लावला रे बाबा, लावला!" असं म्हणून तो इथेही हसला. कोर्टात दुसरं कुणी हसलं नाही. वकीलबाईंचं लक्ष सहज पिंजऱ्याकडे गेलं. भोंग्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि तो म्हाताऱ्याकडे असा बघत होता की जणू त्याला कुणीतरी झोपेतून हलवून उठवलंय.

आरोपीचे वकील उभे राहिले. सौम्य, हळू बोलणारे गृहस्थ. कुणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. "काका, तुम्हाला जरा कमी ऐकू येतं, खरं ना?"

"येतं की कमी."

"धक्क्यावर आवाज परत येतो, हे ठाऊक आहे?"

"आयुष्य गेलं तिथं."

"मग तुम्ही दुसऱ्यांदा ऐकलंत ती हाक नसेल. पहिल्याच हाकेचा प्रतिध्वनी असेल. असू शकेल ना?"

म्हाताऱ्याने खूप विचार केला. भोंगा सुटावा असं त्याला मनापासून वाटत होतं, हे अख्ख्या खोलीला दिसत होतं. "असता तर बरं झालं असतं," तो शेवटी म्हणाला. "पण प्रतिध्वनी कशाला माझ्या काड्या लागेपर्यंत थांबतोय?"

सौम्य वकील खाली बसले. वकीलबाईंना विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

कायद्याने आरोपीला गप्प राहायचा हक्क होता. स्वतः साक्षीला उभा राहिला, तरच सरकारी वकिलाला त्याला प्रश्न विचारता येणार होते. त्याच्या वकिलांनी त्याला बजावून सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही. एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर न्यायाधीश शिक्षा देतीलच असं नाही. पण दुसऱ्या दिवशी भोंगा म्हणाला, "मला बोलायचंय."

"अहो, विचार करा," वकील कुजबुजले.

"केला."

तो साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. वकीलबाई उठल्या. रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं होतं, हात वर गेला होता, आणि आता या माणसाला विचारायचा प्रश्न त्यांना स्वतःलाच विचारल्यासारखा वाटत होता.

"तुम्ही पेटवा असं किती वेळा म्हणालात?"

"दोनदा."

मागच्या बाकावर डब्याचं झाकण वाजलं.

"पहिल्यांदा का म्हणालात?"

"काळोख झाला होता. बायामाणसं होती, कुणी पडेल, धक्क्यावरून पाण्यात जाईल. माझं दुकान तिथंच. म्हटलं घ्या कंदील, पेटवा." त्याचा आवाज इतका हळू होता की न्यायाधीश पुढे वाकले. "ती हाक काळोखासाठी होती."

"आणि दुसरी?"

भोंग्याने वरच्या खिडक्यांकडे बघितलं.

"दिवे लागले," तो म्हणाला. "एकेक करून. माझेच कंदील, माझ्या हातचे. त्या उजेडात सगळे चेहरे माझ्याकडे वळलेले दिसले. सगळे. बाई, मी जन्मभर ओरडत आलोय. गिऱ्हाईकाला, होडीवाल्याला, पोरांना. लोक हसतात, भोंगा म्हणतात. पण असं कुणी कधी बघितलं नव्हतं, की आता हा काय म्हणेल ते आपण करू. मी स्टुलावर होतो, पण पायांखाली स्टूल आहे असं वाटतच नव्हतं. तरंगल्यासारखं झालं. समोर कचेरीच्या दारावर ती नोटीस. आणि मला कळलं, आत्ता मी म्हणालो की होणार. नुसतं म्हणायचा अवकाश."

"मग?"

"मग म्हणालो."

"कचेरी पेटवा, असं तुमच्या मनात होतं?"

"मनात दिवा नव्हता, एवढं नक्की."

वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. खटल्याला त्याची गरज नव्हती. तरी त्यांच्या तोंडून निघून गेला, "आत काका आहेत, हे माहीत होतं?"

"रोज संध्याकाळी तिथंच असतात. मीच चहा नेऊन दिला होता. माहीत होतं. पण त्या वेळी आत कोणी आहे असं वाटलंच नाही. कुठंच कोणी आहे असं वाटत नव्हतं. नुसते चेहरे. आणि काल कळलं, की हे आतून मला उत्तर देत होते. लावला म्हणून." त्याने कठड्यावर कपाळ टेकलं. "मला ऐकू आलं नाही हो. मलाच ऐकू आलं नाही."

गुन्हा शाबीत झाला. न्यायाधीशांनी निकालात सांगितलं, की आरोपी खरं बोलला आणि पहिली हाक निर्मळ होती, हे लक्षात घेऊन शिक्षा कमी देत आहे. पण दुसऱ्या हाकेने माणसांच्या हातातल्या दिव्यांची आग झाली, आणि ते त्याला हवं होतं. दोन वर्षं तुरुंग. मोठ्या वकिलांनी वकीलबाईंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "बाई, जिंकलात! आरोपीने स्वतःच कबूल करावं, असा खटला मी तर बघितला नाही."

"मीही नाही," त्या म्हणाल्या, आणि काळा कोट हातावर टाकून बाहेर पडल्या.

पॅसेजमध्ये गाडीची वाट बघत भोंगा लाकडी बाकावर बसला होता, दोन पोलिसांच्या मध्ये. बायको समोर उभी राहून त्याला डब्यातलं भरवत होती आणि तो लहान मुलासारखा खात होता. एवढ्यात रखवालदार लेकीचा हात धरून तिथून जात होता. तो थांबला. पोलिसाने आधी वकीलबाईंकडे बघितलं, मग जरा सरकून जागा दिली. म्हातारा भोंग्याशेजारी टेकला. मग म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं, भोंग्याने उत्तर दिलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, भोंग्याने पुन्हा सांगितलं. वकीलबाई लांब होत्या. त्यांना शब्द ऐकू आले नाहीत, आणि जवळ जावंसंही वाटलं नाही.

गाडी आली. भोंग्याला नेलं. बायको गाडीमागे फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. धुक्यात तिची नुसती पांढरट आकृती उरली. लेक रिक्षा बघायला बाहेर गेली होती. म्हातारा एकटाच बाकावर बसून डाव्या हाताने कोटाची बटणं लावायची खटपट करत होता. जमत नव्हतं. वकीलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी वाकून ती लावून दिली, खालपासून वरपर्यंत.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला राग येणार नसेल तर एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"तुरुंगात भेटायला कधी सोडतात?"

"आठवड्यातून एकदा. रविवारी."

"नातेवाईकच लागतो का?"

"नाही. त्याने तुमचं नाव सांगितलं की झालं."

म्हाताऱ्याने मान हलवली. "सांगेल तो," म्हणाला. मग विचारलं, "बस कुठली जाते हो तिकडे?"

इतक्या लोकांना त्यांनी तिकडे पाठवलं होतं, पण हे वकीलबाईंना माहीत नव्हतं. "थांबा हं, विचारून येते," त्या म्हणाल्या, आणि पॅसेजच्या टोकाला कारकुनांच्या खोलीकडे निघाल्या.